क्रॉस वारंवार तुटतोय? आधी मागचं हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचं लोखंडी कवच, पिळतंय का ते बघा

चौदा महिन्यांत तीन क्रॉस. क्रॉस म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधला चार हातांचा तुकडा. पहिला तुटला तेव्हा 'माल डुप्लिकेट लागला' म्हणून सोडून दिलं. दुसऱ्याच्या वेळी मिस्त्री म्हणाले, "ग्रीस पोचलं नसंल." तिसरा मी स्वतः डबी फोडून, ग्रीस भरून, सर्क्लिप खाचेत नीट बसल्यात का हे बॅटरी लावून बघून बसवून घेतला. तो दीड महिना टिकला. आमच्या सोलापूरहून तुळजापूर रोडला उळ्याच्या पुढे मामांचं शेत आहे. तिथल्या ओढ्यातून मुरमाच्या चढावर येताना जीप चार-पाच वेळा जागच्या जागी उड्या मारल्यासारखी आदळली, 'टाण्' असा आवाज झाला आणि शाफ्टचं मागचं टोक खाली लोंबायला लागलं. मामांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, आणि जीप वर येईपर्यंत तीनदा तेच वाक्य म्हणाले, "विक की रं ही आता."

विकली नाही. पण त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की क्रॉस बिचारा मार खाणारा आहे, मारणारा दुसराच कुणीतरी आहे. तो शोधायला आणि बंदोबस्त करायला पुढचे सात-आठ महिने गेले. मधे तीन चुका केल्या. ज्यांच्याकडे जुनी जीप, जिप्सी किंवा मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली कुठलीही फोर-बाय-फोर आहे आणि हीच रडकथा आहे, त्यांनी निदान त्या तीन चुका तरी करू नयेत.

माझी गाडी महिंद्रा एमएम ५४०, चारही बाजूंना पाटे. मूळ रचनेत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. माझ्याकडे यायच्या आधीच कुणीतरी ते ॲक्सलच्या वर घेतले होते, गाडी उंच व्हावी म्हणून. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून मागे ५ सेंमीचा लोखंडी ठोकळाही घातलेला. घेताना मला ही उंची फार रुबाबदार वाटली होती. दुखणं तिथूनच सुरू होतं, हे नंतर कळलं.

आता तुमच्या गाडीला हेच झालंय का, ते ओळखायचं कसं? कोरड्या चढावर लो गिअरमध्ये जोर दिला की मागचा भाग 'धाड-धाड-धाड' उडतो. क्लच सोडताना किंवा पुढून रिव्हर्सला टाकताना मागून 'टक' येतो. गाडी सुटताना पहिले काही फूट थरथर जाणवते आणि वेग आला की जाते. क्रॉस तुटतो तो बहुतेक वेळा पिनियनच्या बाजूचा, म्हणजे शाफ्ट मागच्या ॲक्सलच्या ज्या दातेरी दांड्याला जोडतो तिथला. तुटलेला क्रॉस काढल्यावर तो लगेच भंगारात टाकू नका. क्रॉस ज्यात बसतो त्या योकचे जे दोन कान असतात त्यांच्या आतल्या कडा पुसून बघा. माझ्याकडे तिथं नखाएवढा, चंद्रकोरीसारखा चकचकीत घासा होता. नवीन कोरं लोखंड दिसावं तसा. म्हणजे कोन इतका वाढला होता की एक योक दुसऱ्याला जाऊन भिडत होता. ग्रीसचा डबा ओतला असता तरी तो क्रॉस वाचला नसता.

हाउसिंग का पिळतं

पाट्यांच्या गाडीत मागच्या ॲक्सलला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. वजन पाट्यांनीच पेलायचं, ॲक्सल मागे-पुढे आणि आडवा सरकू द्यायचा नाही हेही पाट्यांनीच बघायचं. शिवाय चाक पुढे फिरतं तेव्हा हाउसिंग उलटं फिरायला बघतं, त्याला थोपवायचं कामही पाट्यांच्याच गळ्यात. या मांडणीला हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात. रस्त्यावरच्या ट्रकला ती छान पुरते. चढावर मात्र पाटा मुळात वर-खाली लवचिक राहावा म्हणून केलेला आहे, हे आडवं येतं. हाउसिंगचा माथा मागे झुकतो, पिनियनचं नाक वर उचललं जातं, पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो आणि मागचा खाली दबतो. बाजूनं बघितलं तर कमानीचा आडवा पडलेला 'एस' झालेला असतो.

इथं थोडा हिशेब करतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. धरा, चढावर मागच्या चाकांवर ९०० किलो वजन आलंय आणि पकड चांगली आहे, म्हणजे वजनाच्या ०.८ पट. टायर घसरायच्या आत जास्तीत जास्त ७२० किलोचा जोर जमिनीवर लागेल. हा जोर लागतो जमिनीपाशी आणि चासीला पोचतो पाट्यातून. या दोन जागांमधलं उभं अंतर म्हणजे तरफेची लांबी. माझ्या टायरचा मध्य जमिनीपासून ३६ सेंमीवर. पाटे ॲक्सलच्या खाली असते तर ते साधारण २९ सेंमीवर आले असते आणि पिळायचा जोर झाला असता ७२० गुणिले ०.२९, म्हणजे सुमारे २०९ किलोग्रॅम-मीटर. पाटे वर घेतल्यावर उंची झाली ४३ सेंमी, जोर ३१०. त्यावर ५ सेंमीचा ठोकळा, की ३४६. इंजिन तेच, टायर तेच, चढ तोच, आणि पाट्यांवरचा पीळ मूळच्या दीडपटीहून जास्त. कंपनीनं २०९ च्या हिशेबानं दिलेल्या पाट्यांकडून आपण ३४६ ची अपेक्षा करतो आणि मोडलं की क्रॉस बनवणाऱ्याला शिव्या घालतो.

साठेक घोड्यांचं जुनं डिझेल काय पिळणार, असं मलाही वाटायचं. पण लो गिअरमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा दुसरा गिअरबॉक्स) जोर अडीच पटीच्या आसपास वाढवते, त्यावर पहिला गिअर, त्यावर डिफरन्शियल. टायर सोडवायला तेवढं पुरून उरतं. पुढे पीळ किती बसणार हे टायर, वजन आणि पाट्याची उंची ठरवतात. मोठे टायर टाकले की पकडही वाढते आणि उंचीही.

म्हणूनच ही भानगड आपल्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात दिसत नाही. चिखलात चाक नुसतं गरगरतं. पकडच नाही तर पिळणार काय? ओढ्याकाठचा कोरडा मुरूम, उघडा पडलेला काळा पत्थर, बंधाऱ्याची दगडी उतरंड, इथं टायर चावतो आणि तिथंच गाडी उडते. पाटा पिळत जातो, टायरची पकड सुटते, पाटा सटकन सरळ होतो, त्या झटक्यानं टायर पुन्हा जमिनीवर आदळतो, पुन्हा चावतो, पुन्हा पिळतो. हे सेकंदात कित्येकदा. प्रत्येक आदळण्याला क्रॉस, पिनियन, सेंटर बोल्ट आणि मेन पाटा, सगळे एकदम हातोडा खातात. जुलैत चिखलातून आरामात निघणारी जीप कोरड्या दिवसांत त्याच ओढ्यात मोडली, याचं कोडं मला या हिशेबानंतर सुटलं.

तपासायचं कसं, आणि मी कसा फसलो

शाफ्ट जोडून घेतल्यावर एका गॅरेजात ही शंका बोलून दाखवली. त्यांनी जीप रॅम्पवर घेतली, एकाला फूटब्रेक दाबून धरायला सांगितला, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडला आणि मला खाली वाकून बघायला लावलं. "बघा, काय हलतंय का?" काहीच हललं नाही. मीही मान डोलावून पैसे देऊन आलो.

घरी येऊन विचार केल्यावर लक्षात आलं की ती तपासणीच खोटी होती. ब्रेकची मागची प्लेट हाउसिंगलाच बोल्ट केलेली असते. चाक फिरायला बघतं तेव्हा हाउसिंग उलटं फिरू बघतं, आणि ब्रेक चाकाला हाउसिंगशीच बांधून टाकतो. दोन्ही जोर आतल्या आत फिटतात, पाट्यापर्यंत काहीच पोचत नाही. हँडब्रेकचंही तेच. जुन्या जीपांमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो, म्हणजे शाफ्टच अडवला जातो आणि जोर हाउसिंगपर्यंत जातच नाही. चाकानं जमीन ढकलली पाहिजे. त्याशिवाय पीळ दिसणार नाही.

मग रविवारी सकाळी घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर पुढच्या दोन्ही चाकांपुढे मोठे दगड लावले. चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चासीला चिकटवला, हाउसिंगला पट्टीचा काटा बांधला आणि पुठ्ठ्यावर मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं अंश मारले. सुतळीनं फोन बंपरच्या आतल्या बाजूला बांधून स्लो मोशनमध्ये रेकॉर्डिंग लावलं. गाडीच्या पुढे-मागे कुणाला उभं राहू द्यायचं नाही आणि खाली तर कुणी डोकावायचंही नाही. म्हणून तर फोन. टू-व्हील, पहिला गिअर, क्लच अगदी अलगद.

व्हिडिओ बघून मी खुर्चीत बसूनच राहिलो. क्लच धरायला लागला तसा पिनियनचा फ्लँज हळूहळू मान वर करत गेला. झोपेतून उठलेला माणूस उशीवरून डोकं उचलतो तसा. काटा ११ अंशांवर जाऊन थांबला. मग मागचं चाक किंचित घसरलं आणि पिनियन एका फ्रेममध्ये खाली आदळला. पाटा सापानं अंग मुरडावं तसा. ११ अंश आणि वर शाफ्टचा मूळचा कोन. योकचे कान का भिडत होते, ते डोळ्यांनी दिसलं.

मात्र हाउसिंगला फिरण्यापासून रोखणारा बार (चासीला जोडलेला दांडा) लावायचा विचार करायच्या आधी फालतू कारणं निकालात काढा. यू-बोल्ट सैल आहेत का, सेंटर बोल्टचं डोकं तुटून ॲक्सल पाट्यावर सरकलाय का, शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चासीला लोंबतं ठेवणारी कडी) आणि पाट्याच्या डोळ्यातले बुश संपलेत का, एखादा पाटा चिरलाय का, गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलंय का. यातलं एक जरी असलं तरी लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात आणि काम स्वस्तात होतं. माझ्याकडे एका बाजूचे शॅकल बुश गेले होते. बदलले. काटा ११ वरून १० वर आला.

तीन चुका

पहिली चूक, पाटे वाढवणं. हैदराबाद रोडला ट्रकच्या कमानी ठोकणाऱ्या चाचांकडे गेलो. तेव्हा गड्ड्याची जत्रा चालू होती, "जत्रा उरकू द्या, मग या," म्हणून त्यांनी आठवडाभर लटकवलं. नंतर दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे घालून मागितले. चाचा म्हणाले, "घालतो की. पण नंतर कंबरेचं दुखणं माझ्या नावावर लावू नका." लावलं नाही, पण दुखलं खरं. पीळ कमी झाला, हे मान्य. पण मागचं चाक खड्ड्यात उतरेना. तिरप्या वाटेवर एक चाक हवेत, दुसरं एकटंच ओढतंय. ज्यासाठी जीप घेतली तेच गेलं. महिन्यात चारही पाटे परत काढले.

काढताना चाचांनीच एक तोड सुचवली आणि ती खरंच कामाची निघाली. "पुढनं बांधा, मागनं सोडा. पिळतंय ते पुढनंच पिळतंय वो." पाट्याचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे पक्क्या डोळ्यापासून ॲक्सलपर्यंतचा, तोच पिनियन वर जाताना सगळा भार घेतो. तिथं पाट्यांचा गठ्ठा दोन जादा क्लिपांनी घट्ट आवळला की सगळे पाटे मिळून एक जाड पाटा झाल्यासारखे वागतात. मागच्या अर्ध्याच्या क्लिपा सैल ठेवल्या की तिथले पाटे एकमेकांवर सरकतात आणि चाकाची हालचाल बऱ्यापैकी शाबूत राहते. अमेरिकेत ड्रॅग रेसवाले ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. काटा १० वरून ७ वर आला, खर्च जवळजवळ शून्य. ज्यांची जीप मूळ उंचीवर आहे आणि महिन्यातून एखाद्या वेळी शेतात जाते, त्यांनी एवढ्यावर थांबायला हरकत नाही.

दुसरी चूक, महागडे शॉकअप. शॉकअप उड्या थोड्या मंद करतात, पीळ थांबवत नाहीत. शॉकअपनं मदत व्हायची असेल तर ते कुठं बसवलेत हे जास्त महत्त्वाचं. दोन्ही शॉकअप ॲक्सलच्या एकाच बाजूला न ठेवता एक पुढे आणि एक मागे असा ठेवला तर हाउसिंग फिरताना एक दाबला जातो, दुसरा ताणला जातो आणि दोघं मिळून रोखतात. शेव्हरले कॅमॅरोला १९६७ साली हाच उड्यांचा त्रास होता, १९६८ च्या मॉडेलात त्यांनी शॉकअप असे उलटसुलट बसवले. आपल्याला त्यासाठी नवीन शॉकअप घ्यायची गरज नाही, ब्रॅकेट हलवावा लागतो. मी पैसे आधी घातले आणि हे नंतर वाचलं.

तिसरी चूक सगळ्यात महागात गेली. एका वेल्डिंगवाल्यानं "हे काय, पाइप टाकून देतो" म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सरळ पाइप लावला. मागचं टोक हाउसिंगला, पुढचं चासीला, दोन्हीकडे बोल्ट. दिसायला भक्कम. पहिल्याच ओढ्यात गाडी लाकडी झाल्यासारखी वाटली आणि दुसऱ्या फेरीत डाव्या बाजूचा ब्रॅकेट चासीचा पत्रा घेऊनच निघाला.

कारण सोपं आहे, करून बसल्यावर. ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा तो पाट्यानं ठरवलेल्या वाटेनं जातो. बार चासीला पक्का असेल तर त्याला स्वतःच्या वर्तुळानं जायचं असतं. दोघांच्या वाटा जुळत नाहीत, आणि या भांडणात जो दुबळा तो तुटतो. शिवाय दोन बाजूंना दोन बार म्हटल्यावर एक चाक वर आणि एक खाली गेलं की दोन्ही बार हाउसिंगला उलटसुलट पिळतात. पीळ काढायला गेलो आणि नवा पीळ घालून आलो.

जो बार टिकला तो असा

एकच बार, मधल्या भागात, डिफरन्शियलच्या शेजारी. आकार शिडीसारखा, मागे दोन पाय आणि पुढे निमुळता होत एक टोक. मागचे दोन पाय हाउसिंगच्या नळीला, एक वरून आणि एक खालून, दोघांत २० सेंमी उभं अंतर. हाउसिंगला फिरू न देण्याचं काम या दोन पायांचं. पुढचं टोक मात्र चासीच्या आडव्या सदस्याला थेट बोल्ट करायचं नाही. तिथं पाट्याला असतो तसा छोटा शॅकल लोंबता ठेवायचा, पिनपासून पिनपर्यंत १० सेंमी. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना हा शॅकल उभा असला पाहिजे. बारचं टोक वर-खाली जाऊ शकत नाही, म्हणून पिनियन नाक वर करू शकत नाही. पण टोक मागे-पुढे झोके घेऊ शकतं, म्हणून ॲक्सल पाट्याच्या वाटेनं बिनधास्त जातो. सगळी मेख त्या १० सेंमीच्या शॅकलमध्ये आहे. वेल्डिंगवाल्याला तो 'उगीच काम' वाटतो, त्याचं ऐकू नका.

बारची लांबी साधारण प्रॉपेलर शाफ्टइतकी ठेवली, म्हणजे पुढचा शॅकल शाफ्टच्या पुढच्या जॉइंटच्या आसपास येतो आणि ॲक्सल वर-खाली होताना शाफ्टचा कोन कमीत कमी बिघडतो. माझा बार ९० सेंमी भरला. आता वरचा हिशेब आठवा. ३४६ भागिले ०.९, म्हणजे पुढच्या टोकाला सुमारे ३८० किलोचा उभा धक्का, आणि आदळताना त्याहून जास्त. हा धक्का चासीच्या पातळ पत्र्याच्या आडव्या पट्टीवर देऊन चालणार नाही. मी दोन्ही चासी रेलना बोल्ट केलेला नवा आडवा चॅनेल टाकला. पाइप सीमलेस घेतला, बाहेरून ४२ मिमी, जाडी ५ मिमी. बुश म्हणाल तर मुद्दाम पाट्याचेच रबरी बुश वापरले. रॉड-एंड बॉल जॉइंट दिसायला भारी, पण आपल्याकडच्या धुळीत ते लवकर खडखडायला लागतात, आणि रस्त्यात गेला तर मोहोळमध्ये कुठं शोधणार? पाट्याचा बुश कुठल्याही ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळतो. शिवाय रबर थोडं पिळतं, त्यामुळे एक चाक वर गेलं तरी बार अडत नाही.

बनवून झाल्यावर बोल्ट घट्ट करायच्या आधी गाडी चासीला जॅक लावून उचला, चाकं पूर्ण लोंबू द्या आणि शॅकल किती कलंडतो ते बघा. मग एका बाजूच्या चाकाखाली जॅक लावून पाटा पूर्ण दाबा. दोन्ही टोकांना शॅकल आडवा पडायच्या जवळ येता कामा नये, तो उलटला तर बारच खाली पडून जमिनीत रुतेल. बार शाफ्टला, सायलेन्सरला आणि ब्रेकच्या नळीला कुठं लागतो का, तेही याच वेळी.

हाउसिंगवर वेल्डिंग करताना घाई नको. नळीवर एका दमात लांब वेल्ड मारला तर ती केळ्यासारखी वाकते आणि मग ॲक्सल शाफ्ट घासायला लागतो. दोन-अडीच सेंमीचे टाके, आलटून-पालटून, प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या माणसानं माझं काम केलं त्यानं चार ब्रॅकेटला दुपार घातली, आणि मधे दोनदा चहाला बाहेर पाठवलं. मधल्या ओतीव गोळ्यावर वेल्ड मारू द्यायचा नाही, फक्त नळीवर. बॅटरीची तार आधी काढा. काम झाल्यावर चाकं हातानं फिरवून बघा आणि दोन दिवसांनी सील गळतंय का ते.

बार लागल्यावर पिनियनचा कोन पुन्हा लावावा लागला. बार नसताना पिनियन दोन-तीन अंश मुद्दाम खाली ठेवायची पद्धत आहे, कारण जोर आला की ते वर येणारच. आता ते येत नाही. म्हणून साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज समांतर पाहिजेत, नाहीतर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा थरथर येते. पाट्याखाली पाचर घालून हे जमतं. फोनमधलं कोन मोजायचं ॲप यासाठी पुरेसं आहे. त्याच वेळी मागचा ५ सेंमीचा ठोकळा मी काढून टाकला. रुबाब थोडा कमी झाला.

शेवटचं माप, तेच दगड आणि तोच पुठ्ठा, २ अंश. मामांच्या ओढ्यातल्या त्याच चढावर जीप या वेळी गुरगुरत, न उडता वर आली. घसरली तेव्हा नुसती घसरली.

बार असला तरी उड्या सुरू झाल्याच, तर पाय लगेच उचला. 'एवढं निघालं की झालं' म्हणून ॲक्सिलरेटर दाबून धरणं हेच तिन्ही क्रॉसचं मरण होतं. चढाआधी टायरची हवा २८ वरून १८ पर्यंत आणतो, परतताना डांबरी लागायच्या आत पुन्हा भरतो. लो गिअरमध्ये पहिल्याऐवजी दुसऱ्यात चढ निघत असेल तर दुसराच. यू-बोल्ट उघडले असतील तर शक्यतो नवीन टाका, गाडीचं वजन पाट्यांवर असताना आलटून-पालटून आवळा, आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. माझे पहिल्या फेरीनंतर अर्धा आटा सैल निघाले होते.

दोन गोष्टी जाता जाता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, तेव्हा उंची वाढवायच्या आधी पासिंगचा विचार करा. आणि चाचणी घ्यायला नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडचं माळरान मोकळं दिसतं म्हणून तिकडं जीप घालू नका. आपल्या नाहीतर मामांच्या शेतातला ओढा बरा.

पुढचा ॲक्सल अजून तसाच आहे. तिथं गणित उलटं चालतं. पुढे जाताना त्याचा पिनियन खाली दबतो आणि रिव्हर्समध्ये वर उचलला जातो. चढावर उलटं चढायची वेळ आली तर वजन पुढच्या ॲक्सलवर येतं आणि त्याचे पाटेही वर घेतलेलेच आहेत. गेल्या आठवड्यात रिव्हर्समध्ये मोजलं, ५ अंश. सध्या पुढच्या पाट्यांना चाचांच्या क्लिपा आवळून ठेवल्यात आणि चढावर रिव्हर्स टाकायचं टाळतोय. पावसाळा संपला, मुरूम वाळला, की पुन्हा पुठ्ठा चिकटवून बघणार आहे.